लॅपटॉपला हळदकुंकू

माझ्या लॅपटॉपचे तुकडे होतात आणि ही गोष्ट मी भेटेल त्याला अभिमानाने सांगत असते. त्याच्या दोन्ही कडांना दोन-दोन खाचा आहेत आणि त्यांत काडेपेटीपेक्षाही लहान अशी चार कार्डं बसतात. एक चार्जिंगचं, एक साध्या यूएसबीचं, एक टीव्ही किंवा प्रोजेक्टर जोडायचं एचडीएमआयचं आणि एक साठवणीचं, ज्यात माझ्या मोठमोठ्या फायली राहतात. खालचा खटका दाबायचा, कार्ड ओढायचं, हवं ते सरकवायचं. टक् असा आवाज होतो. त्या आवाजासाठीच मी हा लॅपटॉप घेतला असं आई म्हणते, आणि ते अगदीच खोटं नाही. पाहुणे आले की मी त्यांना कार्डं काढून-घालून दाखवते. पाहुणे चहा संपवतात आणि निघतात.

त्यात मी लिनक्स चालवते. म्हणजे मशीन माझं, नियम माझे आणि बिघडलं तर रडणंही माझंच. लिनक्सचा जो गाभा असतो, कर्नेल, तो म्हणजे कारखान्यातला मुकादम समजा. कोणत्या भागाने कधी उठायचं, कधी झोपायचं, कुणाला किती वीज द्यायची, सगळं तो ठरवतो. हा मुकादम अधूनमधून बदलतो. जुना बाजूला होतो, नवा येतो, त्याला अपडेट म्हणतात. शहाणी माणसं महत्त्वाच्या दिवशी नवा मुकादम कामावर घेत नाहीत. मी दसऱ्याच्या सकाळी घेतला. चांगला दिवस आहे म्हणून!

आणि तो दिवस नुसता दसऱ्याचा नव्हता. त्या संध्याकाळी आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या हॉलमध्ये बाबांचा सिनेमा लागणार होता.

बाबा सिनेमाचेच माणूस, पण वरच्या खोलीतले. घाटकोपरच्या एका थिएटरात ते ऑपरेटर होते. रिळं चढवायची, मशीन चालवायचं आणि भिंतीतल्या हातभर खिडकीतून खालच्या अंधारावर लक्ष ठेवायचं. त्यांनी इतके सिनेमे पाहिलेत की त्यांनाच आठवत नाहीत, पण सगळे उभ्याने. बसून एकही नाही, आणि आईबरोबर तर नाहीच नाही.

आई त्या थिएटरात एकदाच गेली, लग्न होऊन मुंबईत आली तेव्हा. ऐन रंगात आलेला सिनेमा मध्येच तुटला, पडदा पांढराफटक झाला आणि सगळं थिएटर वर तोंड करून ऑपरेटरच्या सात पिढ्यांचा उद्धार करायला लागलं. नवी नवरी, आजूबाजूला ओळखीचं कुणी नाही. ती पदर तोंडाशी धरून बसली. शेजारच्या बाईने तिला विचारलं, "कोण बेवडा बसवलाय गं वर?" आईच्या तोंडून निघून गेलं, "काय माहीत बाई." नंतर ती पुन्हा कधी तिकडे फिरकली नाही. बाबांना पास मिळायचे ते शेजारपाजारच्यांनी वापरले. हे आईने मला कितीतरी वेळा सांगितलंय, दर वेळी हसत सुरुवात करून मध्येच गप्प होत. बाबांना तिने कधीच सांगितलं नाही. बाबांची आपली समजूत, की हिला सिनेमाची आवड नाही.

तर निवृत्त झाल्यावर बाबांच्या हातात फोन आला आणि त्यांनी शूटिंग धरलं. वर्षभर ते घरात फोन समोर धरून फिरत होते. आईला वाटायचं, खिडकीतला कावळा टिपतायत. टिपत होते तिलाच. मासेवालीशी भांडणारी आई, घावणे काढताना पहिला घावणा फसला म्हणून तव्याला शिव्या घालणारी आई, लिफ्ट बंद पडल्यावर जिन्यात बसून वॉचमनला झापणारी आई, झोपेत हात वर करून "पंखो कमी करा" म्हणणारी आई. सगळा सिनेमा आईच. तो मी आणि बाबांनी दाराला कडी लावून माझ्या लॅपटॉपवर जोडला आणि साठवणीच्या कार्डावर ठेवला. आईला सांगितलं होतं, गावच्या देवळाचा सिनेमा आहे.

"मगे मी निजतलंय," ती म्हणाली.

बाबांची अट एकच होती. पहिल्या रांगेत दोन खुर्च्या राखायच्या, एक आईची आणि एक त्यांची. "एकदा तरी तिच्या बाजूक बसान पिक्चर बघूचो आसा," ते मला म्हणाले आणि लगेच चष्मा पुसायला लागले. माझ्याशी एरवी ते मुलुंडचं मराठी बोलतात. मालवणी बाहेर आली की समजायचं, पोटातून बोलतायत. दुसऱ्या दिवशी आई गावी जाणार होती, तिच्या बहिणीकडे, थेट दिवाळीपर्यंत. सोसायटीच्या मंडळाने भाड्याने आणलेला प्रोजेक्टरही त्याच रात्री परत जाणार होता. त्यामुळे सिनेमा लागला तर आज, नाहीतर कधी कुणास ठाऊक.

आता पूजेचं. आमच्याकडे दसऱ्याला हत्यारं पुजतात. ज्याच्या जिवावर माणूस खातो ते त्याचं हत्यार. बाबांची पक्कड, पाना, फिल्म जोडायची कात्री आणि थिएटर बंद झालं तेव्हा घरी आणलेलं मशीनचं भिंग. आईची विळी आणि शिलाई मशीन. मी घरी बसून चित्रपटांच्या तळाच्या ओळी, म्हणजे सबटायटल्स, लिहिते, तेव्हा माझा लॅपटॉप. सगळ्यांना पाटावर बसवून गंध, हळदकुंकू, अक्षता, झेंडू. आणि नियम असा की नैवेद्य होऊन जेवणं उरकेपर्यंत पुजलेल्या हत्याराला हात लावायचा नाही. एक दिवस त्यांनाही सुट्टी.

मी आंघोळीआधी अपडेट लावलं. लॅपटॉप बंद होऊन पुन्हा नीट सुरू झाला, तेवढं बघितलं, बाबांच्या हातात दिला आणि दाराच्या तोरणाला बसले. बाबा पाटाशी बराच वेळ खुडबुड करत होते. पूजा आहे, वेळ लागणारच, असं मला वाटलं.

जेवणं उरकली, श्रीखंड-पुरी अंगावर आली होती. पापण्या मिटत होत्या. म्हटलं, झोपण्याआधी घरच्या टीव्हीवर चित्र तेवढं येतंय का बघू.

साठवणीचं कार्ड दिसेना.

म्हणजे खाचेत होतं. डोळ्यांना दिसत होतं. लॅपटॉपला दिसत नव्हतं. मी टीव्हीची वायर लावली. टीव्ही म्हणाला, सिग्नल नाही. वायर काढून फुंकर मारली, पुन्हा लावली. सिग्नल नाही. झोप कुठल्या कुठे उडाली. सिनेमा एका मेलेल्या कार्डात आणि तो बाहेर काढायचं दार दुसऱ्या मेलेल्या कार्डात! मी त्या नव्या मुकादमाला अशी एक शिवी हासडली की आईने स्वयंपाकघरातून ओरडून विचारलं, "सणासुदीचा काय तोंड हा तुझा?"

बाबा नवा शर्ट घालून सोफ्याच्या कडेवर बसले होते. संध्याकाळच्या कार्यक्रमासाठी ते दुपारीच तयार झाले होते आणि आता इस्त्री मोडू नये म्हणून टेकत नव्हते.

"रीळ तुटलं काय?" त्यांनी हळूच विचारलं.

"काही नाही हो बाबा, पाच मिनिटं," मी म्हणाले. लिनक्स चालवणाऱ्या माणसाने पाच मिनिटं म्हटलं की घरच्यांनी संध्याकाळचा विचार सोडून द्यावा.

सुरुवातीला मी अगदी शिस्तीत होते. आधी लॅपटॉप बंद करून सुरू केला. मग चार्जर काढून, बटण दाबून धरून, सगळी वीज उतरवून सुरू केला. मग कर्नेल स्वतःशी जे पुटपुटत असतो ते उघडून वाचलं. त्यात ओळीमागून ओळ एकच रड होती. या खाचेत कुणीतरी आहे, हाक मारतोय, उत्तर देत नाही, सोडून देतोय. पुन्हा हाक, पुन्हा सोडून देतोय. इतका आळशी मुकादम मी जन्मात पाहिला नव्हता. माझी शिस्त तिथे संपली.

मी बोरिवलीच्या मैत्रिणीला फोन लावला. ती माझ्यासारखीच लिनक्सवाली आहे, पण डोकं ठिकाणावर असलेली.

"हॅपी दसरा गं," ती म्हणाली.

"कसला हॅपी! वाट लागलीय. अपडेट मारलं आणि कार्डं गेली."

"कधी मारलंस?"

"आज सकाळी."

"यार, तू आज? आज बाबांचा शो आहे ना? वेडी आहेस का तू?"

"आहे. पुढे बोल."

ती हसायला लागली आणि मला इतका राग आला की मीही हसायला लागले. तिने तिच्याकडे शोधाशोध केली. जगभरातली माणसं त्याच अपडेटखाली बसून रडत होती. वीज वाचवायच्या नादात नव्या कर्नेलने खाचाच झोपवून ठेवल्या होत्या, आणि झोपलेल्या खाचेतलं कार्ड कितीही चांगलं असलं तरी त्याला कोण विचारतो? खरं सांगते, हे ऐकून मला फार बरं वाटलं. इतक्या परक्या माणसांचं नुकसान ऐकून एवढा आनंद होऊ नये, पण झाला.

दरम्यान बातमी जिन्यात पसरली होती. सोसायटीचे सेक्रेटरीकाका आपट्याची पानं घेऊन आले, सोनं दिलं आणि म्हणाले, "अगं, व्हॉट्सअ‍ॅपवर टाक ना मला, मी लावतो." मी सांगितलं, टाकता येत नाही, फाइल कार्डात आहे आणि कार्ड उघडत नाही. "मग पेन ड्राइव्हवर घे." मी पुन्हा तेच सांगितलं. "मग माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपला लाव ते कार्ड." त्यांच्या ऑफिसच्या लॅपटॉपने बाहेरचं कार्ड बघताच नियमबाह्य म्हणून दार लावून घेतलं. काका म्हणाले, "मग देवळाचंच आहे ना, फोटो दाखवू या मोबाइलवर." स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "तां बरां." बाबा उठले, गॅलरीत गेले आणि पाठमोरे उभे राहिले. ती पाठ मला बघवेना. इतकी वर्षं दुसऱ्यांचे सिनेमे वेळेवर लावले त्या माणसाने, आणि त्याचा एकुलता एक सिनेमा त्याच्या पोरीच्या अंगातल्या किड्यापायी अडकला होता.

"जुना कर्नेल आहे ना अजून?" मैत्रीण फोनवरून ओरडली. "सुरू होताना मेनू येतो बघ, त्यातला जुना घे."

किती सोपं! लिनक्सवाले जुन्या मुकादमाला लगेच हाकलत नाहीत, मागच्या दाराशी स्टुलावर बसवून ठेवतात, नवा नीट निघाला नाही तर हाक मारायला. हे मला माहीत होतं. शंभर लोकांना मी हे शिकवलंय. पण बाबांची पाठ दिसत असताना मला माझं नावसुद्धा आठवत नव्हतं.

लॅपटॉप सुरू करताना मेनू थांबवला, जुना मुकादम निवडला आणि डोळे मिटून घेतले. उघडले तर साठवणीचं कार्ड समोर हजर! आत सिनेमा होता, धडधाकट. मी उडी मारली. खरोखरची, दोन्ही पाय जमिनीवरून उचलून. खालच्या मजल्यावरून काठीने छत ठोकल्याचा आवाज आला. मी पिठाच्या हातांच्या आईला मिठी मारली, तिचे दोन पांढरे पंजे माझ्या पाठीवर उमटले. गॅलरीतून बाबा आत आले. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि सोफ्यावर टेकून बसले, इस्त्री विसरून.

मग मी टीव्हीची वायर लावली आणि टीव्ही म्हणाला, सिग्नल नाही.

आता मात्र मला चक्कर यायची बाकी होती. मुकादम जुना, कार्ड जुनं, वायर जुनी, टीव्ही तर बाबा आदमच्या काळचा. परवापर्यंत हे सगळं एकमेकांशी बोलत होतं. मग आज नवीन काय? मैत्रिणीने सुचवलं ते सगळं केलं. टीव्हीचं दुसरं भोक, दुसरी वायर, आवाजाची सेटिंगं, पडद्याची सेटिंगं. मी फोन खांद्यात धरून टेबलाखाली, टेबलावर, टीव्हीच्या मागे अशी फिरत होते आणि आई माझ्यामागून केर काढत फिरत होती, कारण संध्याकाळी लोक सोनं द्यायला येणार.

"कार्ड काढून परत बसव," मैत्रीण म्हणाली. "हे तरी केलंस ना?"

पाहुण्यांपुढे ज्याची मी प्रात्यक्षिकं करते ते सोडून मी बाकी सगळं केलं होतं.

खटका दाबला. तो नेहमीसारखा दबला नाही, चिकटत चिकटत दबला. कार्ड ओढलं. टक् झालं नाही. कार्ड हातात आलं आणि त्याच्या चकचकीत तोंडावर बरोबर मधोमध हळदीचं बोट होतं. त्यावर कुंकू. आणि खाचेत आत, दिव्याखाली धरल्यावर दिसला, एक अक्षतेचा दाणा.

मी दुसरं काढलं. हळदकुंकू. तिसरं. हळदकुंकू. चौथ्याला तर झेंडूची पाकळीही होती.

"बाबा," मी म्हणाले.

ते छताकडे बघत होते.

"बाबा, तुम्ही ही काढली होती?"

"मगे?" बाबा म्हणाले. एकदम ताठ बसले. "पेटी नाय पूजतत. पेटीतली हत्यारां पूजतत. कॅबिनमदी मी काय मशीनच्या पत्र्याक कुंकू लावी होतंय? भिंग भायर, चाकां भायर, एकेक पुसान, पुजून, परत जागच्या जागी."

"जागच्या जागी?"

बाबांचा ताठा थोडा उतरला. "चारय सारकीच तर आसत."

चारही सारखीच दिसतात, हे खरं. कुठलंही कार्ड कुठेही घाला, बसतं, हीच तर त्याची गंमत म्हणून मी चारचौघांत मिरवते. फक्त एक बारीक गोष्ट मी मिरवताना सांगत नाही. डावीकडची पुढची जी खाच आहे, तिच्यातून पडद्याला चित्र जात नाही. बाकी सगळं चालतं, चित्र नाही. बनवणाऱ्यांनीच ते सांगून ठेवलंय. आणि बाबांनी एचडीएमआयचं कार्ड, त्याचं तोंड सगळ्यांत रुंद म्हणून, देवाला नीट दिसावं म्हणून, नेमकं तिथेच बसवलं होतं.

माझा पारा चढला. चढला आणि तिथेच फुटला. मी खाली बसले आणि इतकी हसले की पोटात दुखायला लागलं. दुपारभर मी त्या नव्या कर्नेलच्या आईवडलांपर्यंत पोचले होते आणि निम्मा गुन्हा आमच्या बाबांचा! फोनवर मैत्रीण "काय झालं, काय झालं" करत होती. मी सांगितल्यावर तिकडून हुंदक्यांसारखं काहीतरी ऐकू आलं. आई मात्र हसली नाही. ती कमरेवर हात ठेवून बाबांना म्हणाली, "आणि पोरगी तासभर बोंबालताहा तरी तुमी गप?"

"ती म्हणता कर्नेल बिघाडलो," बाबा म्हणाले. "माका वाटला, पूजेन काय बिघाडता?"

त्या रडणाऱ्या जगाला कळावं म्हणून मी नंतर तिकडे लिहून टाकलं, की साठवणीचं कार्ड जुन्या कर्नेलने सुधारलं, एचडीएमआयच्या बाबतीत दोष हळदीचा निघाला. खाली कुणीतरी गंभीरपणे विचारलं, हळदीची कोणती आवृत्ती?

कोरड्या टूथब्रशने मी चारही कार्डं घासली. दाणा सुईने काढला. एचडीएमआयचं कार्ड उजवीकडे मागे बसवलं, वायर लावली आणि टीव्हीवर चित्र आलं. बाबांनी मला शंभर वर्षांचं आयुष्य दिलं. आई घरात होती म्हणून सिनेमा लावून बघता आला नाही, पण चित्र आलं होतं, तेवढं पुरे होतं.

हॉल भरला होता. लोक एकमेकांना सोनं देत होते, गळ्यात पडत होते, पोरं खुर्च्यांखालून धावत होती. पहिल्या रांगेत आई बसली होती, नारिंगी रंगाच्या साडीत, शेजारच्या खुर्चीवर पर्स ठेवून जागा अडवून. मागे टेबलावर माझा लॅपटॉप होता. कुणीतरी त्याच्यावरही दोन-चार आपट्याची पानं ठेवून गेलं. मी मंडळाच्या प्रोजेक्टरची वायर लावली. घरची वायर बारीक होती. ही चांगली अंगठ्याएवढी जाड, टेबलावरून खाली लोंबणारी. चित्र आलं आणि गेलं.

कार्ड हलत होतं. सकाळचं ओलं गंध खटक्यात वाळून बसलं होतं, माझा टूथब्रश तिथवर पोचलाच नव्हता, आणि आता त्या जड वायरीने कार्ड बाहेर खेचलं जात होतं. दाबून धरलं की चित्र, सोडलं की निळा पडदा. मी रबर बँड लावला, सुटला. कपड्याचा चिमटा लावला, उडाला. शेवटी अंगठ्याने दाबून धरलं.

"सरक," बाबा म्हणाले. "मी धरतो."

"अजिबात नाही. तुम्ही पुढे जा."

"तुझो हात हलतलो."

"बाबा, ती जागा धरून बसलीय. जा!"

ते गेले. पर्स उचलली, मांडीवर घेतली आणि आईच्या शेजारी बसले. मागून मला दोन डोकी दिसत होती, एक अंबाड्याचं, एक टकलाचं. दिवे गेले. मी सिनेमा सुरू केला.

पहिल्याच दृश्यात आई पापलेटाचे कल्ले उचलून मासेवालीला म्हणते, "ह्या ताजा? ह्या माझ्या लग्नातला असतला." हॉल फुटला. आईचा अंबाडा एकदम ताठ झाला. आणि माझा हसून हसून अंगठा सरकला.

निळा पडदा. "ओऽऽ" असा आवाज झाला आणि तो संपायच्या आत बाबा माझ्यापाशी होते. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. आयुष्यभराची सवय. चित्र गेलं की ते उठणार. त्यांनी माझा हात बाजूला सारला, वाकले आणि अंगठा ठेवला. चित्र आलं आणि खिळा मारल्यासारखं जागेवर राहिलं.

"जा ना तुम्ही," मी कुजबुजले. "मी धरते नीट."

त्यांनी मान हलवली. ते पडद्याकडे बघत होते, उभे, थोडे वाकलेले. पुढे त्यांची खुर्ची रिकामी होती. दुपारभर ज्यासाठी जिवाचं रान केलं होतं ती एकच गोष्ट हातातून गेली, आणि मला भोकाड पसरावंसं वाटलं. सगळे हसत होते. पडद्यावर आई तव्याला शिव्या घालत होती.

मग अंबाडा उजवीकडे वळला, रिकाम्या खुर्चीकडे. मागे वळला. आई उठली. तिने रिकामी खुर्ची उचलली आणि लोकांच्या गुडघ्यांवर आपटत, "सरका, सरका" करत मागे आली. खुर्ची टेबलाशी ठेवली, बसली आणि बाबांच्या शर्टाची बाही ओढून त्यांना टेबलाच्या कडेला टेकवलं. आता दोघं शेजारी होते, बाबांचा एक अंगठा कार्डावर.

"देऊळ खंय आसा ह्याच्यात?" ती म्हणाली.

बाबांनी हनुवटीने पडदा दाखवला.

थोडा वेळ ती स्वतःलाच बघत राहिली. मग हलक्या आवाजात तिने विचारलं, "तुमका वरसून पिक्चर असोच दिसायचो?"

"दिसायचो असोच," बाबा म्हणाले. "पण तेव्हा त्याच्यात तू नसायचंस."

आणि बाबांचा अंगठा सरकला. उभ्या नोकरीत न हललेला तो हात हलला आणि पडदा निळा झाला. अंधारातून सेक्रेटरीकाकांचा आवाज आला, मजेत, जुन्या थिएटरातल्यासारखा, "ए ऑपरेटर! झोपलास काय?" मागोमाग पोरं सुरू झाली, शिट्ट्या, आरडाओरडा, "ए ऑपरेटर! ए ऑपरेटर!"

आई खुर्ची मागे सारून उभी राहिली.

"बोंबालतास कित्याक?" तिचा आवाज हॉलभर घुमला. "घोव आसा तो माझो!"

ऑपरेटरच्या बायकोला अशा टाळ्या पडल्या की आपट्याची पानं टेबलावरून उडाली. आई खाली बसली आणि तिने पदर तोंडाशी धरला. मी म्हटलं, बाबा, चित्र. त्यांनी अंगठा कार्डावर ठेवला, पण चित्र यायला बराच वेळ लागला, कारण ते कार्डाकडे बघतच नव्हते.